जॉबरचा शब्द आणि स्वतःचा कागद

भिवंडी तालुक्याच्या उत्तरेला, तानसा नदीच्या काठी अकलोली आहे. मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना हे गाव माहीत असतं ते गरम पाण्याच्या कुंडांमुळे. इथल्या तरुणांच्या रोजच्या वाटा मात्र कुंडापासून लांब जातात. काही जण वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या लॉजवर आणि हॉटेलांत असतात, काही अंबाडी नाक्यावरून कुडूस-वाड्याच्या कारखान्यांत जातात आणि बरेच जण पडघ्याकडच्या गोदामांत. नोकरी कशी मिळवायची यावर इथल्या घराघरांत दोन मतं आहेत, आणि दोन्हींत तथ्य आहे. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद लिहिला आहे. मामांनी आधी यंत्रमागावर आणि नंतर गोदामात सुपरवायझर म्हणून उमर घालवली. भाची एका मोठ्या गोदामात भरतीचं काम पाहते. निमित्त आहे मामांच्या धाकट्या मुलाचा सीव्ही. तो बारावी झाला आहे, दोन वर्षं ठेकेदाराकडून गोदामात कामाला होता आणि आता एका कंपनीत इनवर्डच्या, म्हणजे आलेला माल नोंदवून घेण्याच्या, जागेसाठी अर्ज करतो आहे.

मामा: तू त्याच्या मागे लागलीयस, सीव्ही नीट कर, सीव्ही नीट कर. मला एक सांग, आपल्या भागात कागद बघून कोणाला नोकरी लागली? मी लूमवर लागलो तो मावसभावाच्या शब्दावर. सुपरवायझर झालो तो शेठ मला ओळखत होता म्हणून. हा पण गेला तो ठेकेदाराच्या टेम्पोत बसूनच. नाक्यावर नाव सांगितलं, आधारची झेरॉक्स दिली, दुसऱ्या दिवशी कामावर. सीव्ही कोणी मागितला?

भाची: लोडर घेताना कोणी मागत नाही, मामा, हे बरोबर आहे. पण आता तो लोडरची जागा मागत नाहीये. त्याला कंपनीच्या पटावर जायचंय. आणि तुमच्या वेळची गोदामं आता राहिली नाहीत. मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे माल ठेवायचा, लागेल तसा आत न्यायचा, म्हणून काल्हेर, राहनाळ, मानकोलीला पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. एक शेठ, एक मुनीम. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. करासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज उरली नाही. मग कंपन्यांनी चार ठिकाणचा माल एका मोठ्या छपराखाली आणला. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्याच तालुक्यात, आमण्याला येऊन संपतो. या गोदामांत कोणाला घ्यायचं ते कधी कधी बंगळुरूला किंवा गुरुग्रामला बसलेला माणूस ठरवतो. तुमची ओळख तिथपर्यंत पोचत नाही. तिथे फाइल पोचते.

मामा: फाइल पोचते, पण माणूस पोचत नाही. ओळखीत एक जबाबदारी असते. मी ज्याला कामावर लावला, त्यानं माल फोडला किंवा न सांगता दांडी मारली, तर शेठ मला बोलायचा. म्हणून मी पारखून माणूस न्यायचो. तुझ्या त्या फाइलची जबाबदारी कोणावर?

भाची: जबाबदारीची दुसरी बाजूही बघा. आजोबा गिरणीत कसे लागले, ते तुम्हीच आम्हाला सांगितलंय.

मामा: जॉबरनं, गिरणीतल्या मुकादमानं लावलं. आपल्या बाजूचाच होता.

भाची: आणि त्याला काय द्यावं लागायचं?

मामा: दस्तुरी. भरतीच्या वेळी द्यायची, पुढे सणावाराला द्यायची. नाही दिली तर पाळी चुकायची.

भाची: म्हणजे कोणाला घ्यायचं आणि कोणाला काढायचं, दोन्ही त्याच्याच हातात. मुंबईच्या गिरण्यांमध्ये हे इतकं माजलं होतं, की १९२९ला नेमलेल्या रॉयल कमिशननं, त्या व्हिटली कमिशननं, १९३१च्या अहवालात म्हटलं की भरती आणि बडतर्फी जॉबरकडून काढून घ्या. पुढे १९३५ला गिरणीमालकांच्या संघटनेनं बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेल्या लोकांना कार्ड द्यायचं, सकाळी त्यांनी गेटवर यायचं, गैरहजर कामगाराच्या जागी त्यांच्यातलाच माणूस घ्यायचा. जॉबरची मर्जी त्यानं लगेच संपली नाही. पण कामगाराच्या हातात त्याच्या नावाचा एक कागद आला. मी सीव्हीचा आग्रह धरते तो याच रांगेतला आहे. ज्याचा कोणी मामा नाही, कोणी जॉबर नाही, त्या पोरालाही कामाच्या दारात उभं राहता यावं.

मामा: हे मान्य. पण कागद सगळ्यांना सारखा वागवतो असं म्हणू नकोस. जॉबर गाव बघायचा, तुझी फाइल वाचणारा आडनाव बघतो.

भाची: बघतो. त्यावर अभ्यासही झालाय. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण आणि अनुभव सारखे, फरक फक्त नावात. २००७ला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ते छापून आलं. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश.

मामा: मग? तूच माझं म्हणणं सिद्ध केलंस.

भाची: अर्धं. आडनाव बदलता येत नाही आणि कोणी बदलूही नये. ही वाईट खोड वाचणाऱ्याची आहे. ती मोडायचं काम आमच्यासारख्या भरती करणाऱ्यांचं आहे, आणि आम्ही ते पुरेसं केलेलं नाही. पण वाचणाऱ्याच्या हातात आपण होऊन आणखी निमित्तं कशाला द्यायची? धाकट्याचा कागद बघा. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक साचा असतो, त्यात सगळ्यांची नावं घालतात. वर फोटो. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित. हा लग्नाचा बायोडाटा झाला. पान संपत आलं तरी पोराला काय काम येतं ते कळत नाही.

मामा: जात का लपवायची? आपल्याला कसली लाज आहे?

भाची: लाज अजिबात नाही. जिथे तिचा हक्क आहे, तिथे ती छातीठोक लिहायची. सरकारी भरतीत आरक्षणाचा रकाना असतो, त्यासोबत जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागतं. तिथे एक अक्षर गाळायचं नाही. पण चलन जुळवायला आणि माल मोजायला जात लागत नाही. ज्याचा कामाशी संबंध नाही ते या कागदावर नको. मुलींना तर मी हमखास सांगते, लग्नाचा रकाना काढा. आपल्याकडे दुकानं आणि आस्थापनांचा २०१७चा कायदा आहे, त्यात भरतीत बाईशी भेदभाव करायचा नाही असं लिहिलेलं आहे. तरी ‘लग्न कधी करणार’ हा प्रश्न मुलींनाच विचारला जातो.

मामा: बरं, ते काढलं. मग उरलं काय? दोन ओळी. बारावी पास, गोदामात काम केलं. त्याला फुगवून पान भरायचं, हेच ना तुमचं शास्त्र? आपल्या तोंडानं आपलं कौतुक करायचं नाही, असं आम्ही पोरांना शिकवलं.

भाची: फुगवायचं नाहीच. कौतुकाची एक ओळही नको. ‘मी मेहनती, प्रामाणिक, जबाबदार आहे’ हे प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याला वजनच नाही. वरची ती ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा’ सुद्धा साच्यातली आहे. ती काढायची. काय केलं तेवढंच सांगायचं. मी त्याला विचारलं, सकाळी गोदामात गेल्यावर तू पहिलं काय करायचास? सांगायला लागला तर थांबेना. गाडी डॉकला लागली की सीलचा नंबर चलनाशी ताडायचा. सील तुटलेलं असेल तर फोटो काढून सुपरवायझरला दाखवायचं. मग खोकी मोजायची, हँडहेल्ड स्कॅनरनं चढवायची, फुटका माल वेगळ्या पॅलेटवर ठेवून त्याची नोंद करायची. एका पाळीत आठ-दहा गाड्या. नवीन पोरं आली की त्यांना स्कॅनर शिकवायचं काम याच्याकडे. आता तुम्ही सांगा, यातलं कौतुक कुठलं?

मामा: हे त्यानं मला कधी सांगितलं नाही.

भाची: कागदावरही सांगितलं नव्हतं. तिथे होतं ‘मदतनीस, वेअरहाऊस, दोन वर्षं’. त्याच्या जागी आता चार ओळी आल्या. प्रत्येक ओळीत एक काम आणि जमेल तिथे आकडा. इनवर्डची जाहिरात वाचणारा नेमकं हेच शोधत असतो. जाहिरातीत ‘जीआरएन’ म्हटलं असेल आणि यानं माल आल्याची ती नोंद केलेली असेल, तर तोच शब्द लिहायचा. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर अर्ज चाळतं, तेही शब्द जुळवतं. म्हणून रंगीत चौकटी नकोत, दोन रकाने नकोत, फोटोत घातलेली अक्षरं नकोत. साधी अक्षरं, एक पान, ताजं काम वर, शिक्षण खाली, पीडीएफ फाइल आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव. मोबाईल नंबर चालू असलेला, कारण मुलाखतीसाठी फोन लावावा तर नंबर बंद, असं आमच्याकडे नेहमी होतं.

मामा: आणि खोटं लिहिणाऱ्याचं काय? ज्यानं कधी स्कॅनर हातात धरला नाही, तो पण लिहील आठ-दहा गाड्या. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तुझा कागद बोलक्यांचा आहे.

भाची: खोटं चालतं, काही वेळा पकडलंही जात नाही. पण आता तपासायच्या जागा वाढल्यात. २०१४पासून भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर आला. माणूस कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कोणाच्या पटावर होता, ते त्यात दिसतं. तारखा वाढवून लिहिल्या तर तिथे उघडं पडतं. म्हणून मी दोन गोष्टी सांगते. सीव्हीवरची कुठलीही ओळ बोट ठेवून विचारली, तर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर ती ओळ काढायची. आणि तुमच्यासारख्या माणसाचं नाव संदर्भ म्हणून द्यायचं, ज्यानं त्याचं काम डोळ्यांनी पाहिलंय. आधी विचारून, मगच. तुम्ही म्हणता ती जबाबदारी अशी कागदावर येते.

मामा: सांगायला माझी हरकत नाही. पण गेटवर त्याला एक गाडी खाली करायला लावा, दहा मिनिटांत कळेल. आम्ही लूमवर माणूस घेताना तुटलेला धागा जोडायला सांगायचो. तिथे लबाडी चालत नाही.

भाची: ती परीक्षा सगळ्यात चांगली. माझं चाललं तर प्रत्येक जागेला घेईन. पण गेटवर सगळ्यांना बोलावता येत नाही. कोणाला बोलवायचं ते कागद ठरवतो, कोणाला घ्यायचं ते काम ठरवतं. कागदाकडून याच्यापेक्षा जास्त अपेक्षा मी धरत नाही.

मामा: मग तो इंग्रजीत का? पोरगा मराठी शाळेत शिकला. दुकानदारानं काय लिहिलंय ते त्यालाच वाचता येत नाही.

भाची: हे तुमचं सगळ्यात खरं बोलणं. मी मराठी सीव्ही वाचेन, आनंदानं वाचेन. पण माझ्यानंतर वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही, म्हणून इंग्रजी. फक्त ते इंग्रजी त्याचं हवं. छोटी वाक्यं, माहीत असलेले शब्द. आधी मराठीत लिहून काढलं, मग ओळ न् ओळ बसून इंग्रजी केलं. जे त्याला मोठ्यानं वाचता आलं नाही ते गाळलं. आणि भाषांच्या ओळीत हिंदीसोबत गुजरातीही घातली.

मामा: गुजराती? ती कुठून आली?

भाची: लॉजवरून. बारावीच्या आधी दोन हिवाळे तो कुंडाजवळच्या लॉजवर होता ना? गुजरातची माणसं यायची, खोल्यांचा हिशेब हा ठेवायचा. त्यानं ते लिहिलंच नव्हतं.

मामा: मीच सांगितलं लिहू नको म्हणून. चहापाणी देण्याचं काम, त्यात काय सांगायचं?

भाची: रविवारच्या गर्दीत पन्नास माणसांशी न चिडता बोलणं आणि संध्याकाळी गल्ला जुळवणं, हे सांगायचं. इनवर्डला रोज ट्रकवाल्यांशी गाठ असते, तिथे हेच लागतं. आपल्या पोरांचं नुकसान खोटं लिहून होतं त्याहून जास्त खरं न लिहून होतं. आवणीला दोन महिने घरी थांबला, ते पण एका ओळीत सांगायचं. तारखांमध्ये मोकळी जागा दिसली, की वाचणारा वाईट तर्क करतो. शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ला आली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. त्यातून कोणी ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात काम केलं असेल, तर तोही अनुभवच. मुलं लिहीत नाहीत, कारण त्यांना ती ‘खरी नोकरी’ वाटत नाही.

मामा: तू सांगतेस ते पटतंय. पण एक अडचण आहे, तिचा विचार केलायस का? दोन वर्षं त्यानं काम केलं त्या कंपनीच्या छपराखाली. पगार दिला ठेकेदारानं. उद्या त्यानं कंपनीचं नाव लिहिलं आणि तिथून उत्तर आलं, ‘हा आमचा माणूस नाही’, तर? पोरगा खोटा ठरणार. सील तपासली ती खरी, गाड्या खाली केल्या त्या खऱ्या, तरी खोटा तोच.

भाची: हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो. लिहायची पद्धत सांगते. आधी ठेकेदार संस्थेचं नाव, मग ‘कामाचं ठिकाण’ म्हणून कंपनीचं नाव आणि गाव. दोन्ही खरं आणि यूएएनशी जुळणारं. पण तुमचा मुद्दा लिहिण्याच्या पद्धतीपेक्षा मोठा आहे. ठेकेदार दाखला देत नाही. दोन वर्षांचं काम त्या शेडमध्येच राहतं, पोरगा रिकाम्या हातानं बाहेर येतो. जॉबरच्या काळात हेच होतं.

मामा: मग कागदानं काय बदललं?

भाची: आता मागायचा हक्क आहे. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत होतं, की काम सुटल्यावर ठेकेदारानं कामगाराला सेवा प्रमाणपत्र द्यायचं. कोणी मागितलं नाही, कोणी दिलं नाही. २०२०ला संसदेनं व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता केली, ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे तिच्यातल्या कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागतात. कामगारानं मागितलं तर ठेकेदारानं अनुभव प्रमाणपत्र द्यायचं, कामाच्या तपशिलासह, असं त्यात आहे. मागितलं तर. हे दोन शब्द आपल्या पोरांना माहीत नाहीत. म्हणून माझ्या लेखी सीव्ही जाहिरात आल्यावर तयार होत नाही, कामाच्या पहिल्या दिवशी सुरू होतो. नेमणुकीचं पत्र, पगाराची पावती, यूएएन नंबर, स्कॅनर किंवा फोर्कलिफ्ट शिकल्याचं प्रमाणपत्र, सगळ्याचा फोटो मोबाईलवर. शेवटी अर्जाच्या वेळी फक्त निवडायचं आणि लिहायचं.

मामा: एकट्या पोरानं दाखला मागितला तर ठेकेदार म्हणेल, उद्यापासून येऊ नकोस.

भाची: म्हणेल. कायदा पुस्तकात असतो आणि टेम्पो नाक्यावर, हे मला माहीत आहे. याचं उत्तर माझ्या ऑफिसात नाही, मामा. ते तुमच्याकडे आहे. तो ठेकेदार कोणाच्या शब्दाला मान देतो?

मामा: माझ्या. त्याचा बाप माझ्यासोबत लूमवर होता.

भाची: मग ही ओळख वापरा. धाकट्याला चिकटवायला नको, त्याची मुलाखत त्यालाच देऊ दे. त्या शेडमधल्या सगळ्या पोरांसाठी दाखला मागा.

मामा: त्या दाखल्यावर काय काय हवं ते मला लिहून दे. मराठीत दे. आणि एक सांगतो. आजोबांच्या जॉबरला हे कोणी विचारलं असतं तर त्यानं दस्तुरी मागितली असती. हा ठेकेदार मागणार नाही, कारण मी सोबत असेन. पण माझ्यानंतर पोरांना मागता आलं पाहिजे, माझ्याशिवाय.

भाची: लिहून देते. कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या ठिकाणी, कोणतं काम. खाली सही, शिक्का आणि तारीख. बाकीचं पोरं स्वतः लिहितील, आणि विचारलं तर सांगतीलही.